जाहिरातीतलं घड्याळ

जाहिरातीतल्या घड्याळात कायम दहा वाजून दहा मिनिटं झालेली असतात. मनगटावरचं असो, भिंतीवरचं असो, नाहीतर फोनच्या काचेवरचे नुसते आकडे असोत. एकदा ते कागदावर छापायचं ठरलं की वेळ दहा-दहावर नेऊन ठेवायची. काटे तसे असले की घड्याळ हसरं दिसतं, म्हणे. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, या धंद्यात कुणालाच ठाऊक नाही, आणि मोडायची हिंमतही कुणी करत नाही. थोरलीनेही कधी केली नव्हती. माहितीपत्रकं रचण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. बाहेर पहाट असो की तिन्हीसांज, तिच्या कागदावर सदा सकाळच असायची.

ही सवय एक दिवस आपल्याच दारात येऊन उभी राहील, असं तिला कुणी सांगितलं असतं तर ती हसली असती. हसली असती आणि परत कामाला लागली असती, कारण काम नेहमीच उद्या द्यायचं असायचं.

थोरली म्हणजे घरातली थोरली. धाकटा लांब नोकरीला, अधूनमधून फोनवर उगवणारा. थोरली मात्र आईअप्पांपाशीच राहायची. तिसऱ्या मजल्यावरचं घर, खाली छोटीशी बाग, बागेच्या टोकाला फाटक. अप्पांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला होता आणि निवृत्त झाल्यावरही घरातल्या प्रत्येकाला दिशा सांगायची त्यांची खोड गेली नव्हती. "मीठ उत्तरेकडच्या फळीवर आहे," असं ते आईला सांगायचे, आणि आई म्हणायची, "अहो, उत्तर गेली खड्ड्यात, मीठ माझ्या हातात आहे."

त्यांचा आजार विचित्र होता. जागेपणी माणूस ठणठणीत. पण झोप लागली की छाती श्वास घ्यायला विसरायची. विसरायची, हाच शब्द डॉक्टरीणबाईंनी वापरला होता. ओठ काळसर पडायचे, बोटं गार व्हायची, आणि कुणी खांदा धरून हलवलं, कुशीवर वळवलं, की एक मोठा उसासा टाकून गाडी पुन्हा रुळावर यायची. दुपारच्या गोळीनंतरची झोप सगळ्यात वाईट. "हलवायला माणूस हवं, एवढंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "मात्र वेळेवर हवं."

ते माणूस म्हणजे आई. रात्री थोरली असायची, पण दिवसा ती कामावर गेली की पलंगाशेजारच्या खुर्चीत आई. अंघोळीला गेली तरी दार किलकिलं ठेवायची आणि कान बाहेर. बागेत ऊन खायला जाणं वर्षभरात झालं नव्हतं. तिच्या तोंडून तक्रारीचा एक शब्द निघाला नाही, पण थोरलीला डोळे होते. खुर्चीत बसून बसून आईच्या पायांना सूज यायची आणि बोलता बोलता मध्येच तिचा डोळा लागायचा. आईला त्या खुर्चीतून उठवायचंच, असं थोरलीने मनाशी घेतलं होतं. तिच्या हातून जे झालं त्याच्या मुळाशी हे प्रेमच होतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आणि उठवायचा उपाय तिच्या हातातच होता. ती ज्या संस्थेत काम करायची तिथे 'राखण' नावाचा प्रोग्राम तयार झाला होता. रुग्णाच्या छातीला एक पट्टा बांधायचा. पट्टा श्वास मोजायचा आणि घरातल्या घरात संगणकाला, फोनला कळवायचा. सगळं सुरळीत असेल तर पडद्यावर मोठं हिरवं वर्तुळ, त्यात श्वासांचा आकडा, खाली 'सगळं ठीक', कोपऱ्यात वेळ. श्वास अडखळला की वर्तुळ लाल आणि मुडद्यालाही उठवील अशी घंटा. पैसे नाहीत, कुलूप नाही. ज्याला शंका असेल त्याने आतली ओळ न ओळ वाचावी, सुधारावी, दुसऱ्याला द्यावी. ओपन सोर्स म्हणतात ते हेच. आणि घरातली गोष्ट घरातच: कुणाचा श्वास अडखळला ही बातमी घरच्या वायफायच्या बाहेर पाऊल टाकत नसे.

अप्पांच्या छातीला पट्टा बांधला गेला, दिवाणखान्यातल्या मोठ्या संगणकावर राखण बसली, थोरलीच्या फोनवर आणि लॅपटॉपवर बसली. पण फोन आणि लॅपटॉप तिच्याबरोबर कामावर जायचे आणि घराबाहेर पडले की मुके व्हायचे. आईचा साधा फोन होता, बटणांचा. बोलण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं. दिवसभर घरात उरायचा तो मोठा संगणक. आईचा त्याच्यावर भरवसा नव्हता. त्याचा पंखा घरघरायचा, अप्पांची झोप चाळवायची. "घंटा वाजेल तेव्हा वाजेल, पण त्याआधी हाच उठवेल यांना," असं म्हणून ती खुर्चीतच बसून राहिली.

*

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर संस्थेची एक खोली होती. तिथे राखणीचं माहितीपत्रक ठरत होतं. ज्यांच्या घरी आजारी माणसं आहेत ते संकेतस्थळं धुंडाळत बसत नाहीत, ते दवाखान्याच्या बाकावर बसून हाताला येईल तो कागद वाचतात; म्हणून छापील पत्रक. थोरलीने मथळा काढला होता: 'यंत्र कुठलंही, राखण एकच.' खाली पाच यंत्रांचा फोटो: मोठा संगणक, लॅपटॉप, दोन कंपन्यांचे दोन फोन आणि जुन्या पद्धतीचा टॅब्लेट. टॅब्लेटला तिच्या घरी पाटी म्हणायचे. तो शब्द तिने कचेरीतही रुजवला होता.

अडलं ते पाटीपाशी. राखण लिहिणारा मुख्य प्रोग्रामर इतकं कमी बोलायचा की सगळे त्याला मौनी म्हणायचे. त्याने मसुदा वाचला, पाचव्या यंत्रावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे नाही."

"का? परवा तूच दाखवलंस की पाटीवर."

"दिसतं, ताई. वाजत नाही. जरा वेळ हात लावला नाही की ही जुनी यंत्रं प्रोग्रामला झोपवून टाकतात. मग उठणार कोण?"

"मग जागं ठेव त्याला."

"तेच करतोय. महिना लागेल."

"अरे, छापून, बांधून, दवाखान्यांत पोचेपर्यंत महिना जातोच. तोवर तुझं होईल. घराघरांत म्हाताऱ्यांच्या हातात हीच जुनी पाटी असते. चारच यंत्रं दाखवली तर ज्यांना खरी गरज आहे तेच म्हणणार, हे आपल्यासाठी नाही."

हे खोटं नव्हतं, म्हणूनच घातक होतं. मौनीने मान हलवली. "एक सांगू? राखण घराच्या टप्प्याबाहेर गेली की करडी होते. पट्टा निसटला तर करडी. काही कळेनासं झालं तर करडी. हे सगळ्यात आधी लिहिलं मी. खोटं हिरवं कधीही दाखवायचं नाही. बाकी तुमची मर्जी."

वर्षभरातलं हे त्याचं सर्वात लांब भाषण असावं. थोरलीने त्याचं मन राखायला पाटीच्या फोटोवर एक चांदणी टाकली आणि तळाशी बारीक अक्षरात लिहिलं: 'लवकरच.' दुसऱ्या दिवशी तिला ती चांदणी मुखपृष्ठावर बसलेल्या माशीसारखी दिसायला लागली. तिने ती उडवली. चांदणी गेल्यावर तळचं 'लवकरच' अनाथ झालं, तेही गेलं. मौनीला परत दाखवायला वेळ नव्हता, किंवा तिने तो काढला नाही. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, हे हत्तीला शोभतं. ज्याचं सगळं पोट उघडं ठेवायचं अशी प्रतिज्ञा आहे, त्याच्या पत्रकाला शोभत नाही. पण हे बोलायला तिथे कोण होतं?

*

फोटो घरीच काढायचा ठरला. खरा पलंग, खरा रुग्ण, खरं घर. फोटोवाला आला, पडदे सारले, दिवे लावले आणि पहिल्याच फोटोला कपाळावर हात मारून घेतला. पाच पडदे, पाच तऱ्हेची चमक. कुठे रेघा, कुठे आकडा बदलताना अर्धवट टिपलेला.

"हे असं नाही जमायचं," तो म्हणाला. "नेहमीसारखं करा. चित्र लावा."

नेहमीसारखं म्हणजे काय, हे थोरलीला सांगायला नको होतं. जाहिरातीतल्या पडद्यावर जे दिसतं ते कधीच चालू नसतं. त्याचं एक स्थिर चित्र करून पडदाभर लावून ठेवलेलं असतं. तिने राखणीचं सुबक चित्र केलं. हिरवं वर्तुळ. आत आकडा सोळा, कारण तो वळणदार दिसतो. 'सगळं ठीक.' कोपऱ्यात दहा-दहा. पाचही पडद्यांवर तेच चित्र लागलं. पाटी तेवढी कटकट करत होती: हलवताना बोट लागलं की चित्र सरकायचं, विजेची बचत म्हणून पडदा काळा व्हायचा. थोरलीने दोन्ही गोष्टी बंद करून टाकल्या. आता तिच्यावर कितीही बोटं फिरवा, वायर लावलेली असो की नसो, पडदा हलणार नव्हता की विझणार नव्हता.

अप्पा मजेत होते. "मी खरोखर झोपू, की सोंग करू?"

"सोंग करा, अप्पा. खरं नको."

"बघ हं. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही, अशी म्हण आहे."

सगळे हसले. अप्पा डोळे मिटून, ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून पडले, पाच हिरवी वर्तुळं त्यांच्या अवतीभवती उजळली, आणि फोटो असा देखणा आला की फोटोवाल्यानेही स्वतःची पाठ थोपटून घेतली. आई दारात उभी राहून बघत होती. पाटी तिचीच होती. स्वयंपाकघरातल्या फळीवर पाटी ठेवून आई जुनी नाटकं ऐकत असे. आज त्याच पाटीवर मोठं हिरवं वर्तुळ आलं होतं, आणि 'सगळं ठीक' ही अक्षरं तिला चष्म्याशिवाय वाचता येत होती.

फोटोवाला घाईत होता, छापखान्याला त्याच दिवशी मजकूर हवा होता. थोरलीने भराभरा आवराआवर केली. संगणकावरचं, लॅपटॉपवरचं, फोनवरचं चित्र तिने काढलं, कारण त्यांच्यावर खरी राखण परत सुरू करायची होती. दुसरा फोन उसना होता, तो पिशवीत गेला. पाटीवर परत सुरू करण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणून ती तशीच राहिली. 'संध्याकाळी काढू,' असं मनात म्हणत तिने ती फळीवर उभी केली, आणि संध्याकाळी छापखान्याने कागदाचा घोळ घातला.

चूक म्हणाल तर एवढीच. इतकी लहान, की ती घडताना आवाजसुद्धा झाला नाही.

*

त्या आठवड्यात आई बदलली. थोरली कामावरून यायची तो घर झाडलेलं, आईचे केस धुतलेले. एकदा ती चक्क गुणगुणत होती.

"काय, आज स्वारी खुशीत?"

"अगं, तुझ्या त्या राखणीने माझा जीव मला परत दिला बघ. आज दुपारी तासभर पाठ टेकली. शेजारच्या खोलीत! दार लावून!"

थोरलीचा ऊर भरून आला. शेवटी आईने मोठ्या संगणकावर भरवसा टाकला, असंच तिला वाटलं. ती नाही म्हणाली 'कुठली राखण?', आणि आईही नाही म्हणाली 'पाटीवरची.' मायलेकी एकाच शब्दाच्या दोन टोकांना धरून उभ्या होत्या आणि दोघींनाही वाटत होतं की मधे दोरी आहे.

आईने खरं म्हणजे काय केलं होतं, ते तिच्या बाजूने पाहिलं तर शहाणपणाचंच होतं. एकाच कामाला दोन दोन राखणदार कशाला? मोठा संगणक घरघरत होता, यांची झोप मोडत होता. पाटी गुपचूप होती, हलकी होती, ओट्यावर ठेवता येत होती, न्हाणीघराच्या खिडकीत ठेवता येत होती. अप्पांनी दुपारची गोळी घेतली की आई मोठा संगणक बंद करायची आणि ते उठले की परत सुरू करायची. लेकीला सांगितलं नाही, कारण लेक म्हणाली होती, तो बंद करू नकोस. आणि आईला वाद नको होता.

"आज घंटा वाजली का गं?" थोरली रोज विचारायची.

"नाही बाई. आठवडा झाला, एकदाही नाही."

"बरं वाटतंय म्हणजे त्यांना."

पण अप्पांकडे पाहिलं तर तसं वाटत नव्हतं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. संध्याकाळी डोकं जड असायचं. पूर्व कुठे आणि पश्चिम कुठे, यात भूगोलाच्या मास्तरांची गफलत व्हायला लागली होती. एकदा ते चहाचा कप हातात धरून बराच वेळ नुसते बसले आणि मग म्हणाले, "आज दुपारी मी फार खोल गेलो होतो."

"कुठे खोल?" थोरलीने विचारलं.

"माहीत नाही. खाली खाली. वाटलं, आता कुणी हाक मारेल. कुणी मारलीच नाही. मग माझा मीच कसाबसा वर आलो."

"सुखाची झोप लागली म्हणा की!" आई हसून म्हणाली. "सारखं हलवून उठवायची सवय लागलीय तुम्हाला."

अप्पाही हसले. थोरली मात्र हसली नाही. ती उठून दिवाणखान्यात गेली, मोठ्या संगणकापुढे उभी राहिली. हिरवं वर्तुळ, आत चौदा, मग पंधरा, परत चौदा. जिवंत आकडा. तिने सुटकेचा श्वास सोडला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्याच रात्री जेवणं उरकल्यावर आई भांडी विसळता विसळता म्हणाली, "अगं, त्या पाटीचं घड्याळ बंद पडलंय वाटतं. बघतेस का जरा?"

थोरली फोनवर होती. छापखान्यातून विचारत होते, कागद चकचकीत हवा की मंद. "मंद," ती फोनवर म्हणाली, आणि आईला हाताने खूण केली: नंतर.

"जुनीच आहे म्हणा," आई स्वतःशीच बोलली. "माणसासारखंच. एक एक भाग जायचाच."

*

छपाईच्या दिवशी थोरली दुपारी छापखान्यात गेली. छापखानेवाले काका जुने, शाईत बुडालेले गृहस्थ. यंत्र धडधडत होतं, ताजे कागद एकावर एक पडत होते. काकांनी वरचा एक उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

"ताई, हिरवा जरा गडद येतोय का? तुम्ही सांगाल तसा फिका करतो."

तिने कागद हातात घेतला. अप्पा डोळे मिटून पडलेले, ओठांच्या कोपऱ्यात दाबलेलं हसू. कागदावर मात्र ते हसू उतरलं नव्हतं. कागदावर ते फक्त निजलेले दिसत होते, आणि भोवती पाच हिरवी वर्तुळं, पाच सोळा, पाच दहा-दहा. तिच्या अंगावर उगाचच काटा आला. 'शाईचा वास,' तिने मनाला समजावलं.

"हिरवा ठीक आहे, काका."

तेवढ्यात फोन वाजला. आई.

"कामात आहेस का गं? काही नाही, सहज केला. मी कुठे आहे सांग बघू?"

आईचा आवाज एखाद्या शाळकरी मुलीसारखा होता. मागे पाखरांचा कलकलाट ऐकू येत होता.

"कुठे आहेस?"

"बागेत! फाटकाजवळच्या बाकावर. काय सुरेख ऊन पडलंय म्हणून सांगू. वर्ष झालं, पायांना ऊन लागलं नव्हतं. केव्हाची बसलेय."

"आणि अप्पा?"

"झोपलेत. गोळी घेतली, लगेच डोळा लागला. तू काळजी करू नकोस. पाटी आणलीय ना खाली. मांडीवरच आहे माझ्या."

पाटी. थोरलीला शब्द ऐकू आला, पण अर्थ लागायला जरा वेळ लागला. पाटीवर आई नाटकं ऐकते. काळजीचा आणि पाटीचा काय संबंध?

"पाटीवर काय आहे, आई?"

"राखण. दुसरं काय असणार? इथवर सुद्धा छान चालते हो तुमची. फाटकापर्यंत आले तरी हिरवी ती हिरवीच."

घराच्या टप्प्याबाहेर गेली की करडी. हे सगळ्यात आधी लिहिलं मी. थोरलीने यंत्राच्या कठड्याला धरलं.

"आई, आकडा किती आहे?"

"सोळा. नेहमीचाच."

"नेहमीचाच?"

"अगं, रोज सोळाच असतो. ठणठणीत आहेत ते."

"आणि वेळ? पाटीवर वेळ किती झालीय?"

"ते घड्याळ बंद पडलंय, म्हटलं ना तुला परवा. सदान्‌कदा दहा-दहाच दाखवतं मेलं."

थोरलीची नजर हातातल्या कागदावर गेली. पाच वर्तुळांतलं शेवटचं, पाटीवरचं, तिच्याकडे बघत होतं. सगळं ठीक.

"आई, वर जा. आत्ताच्या आत्ता. पळ."

"का गं? काय झालं?"

"मोठा संगणक चालू आहे ना? सांग मला, तो चालू आहे ना?"

आई चोरी पकडली गेलेल्या मुलासारखी म्हणाली, "दुपारचा बंद करते मी तो. यांची झोपमोड होते. पण पाटी आहे ना..."

"आई, पाटी काही नाही! पाटीवर काही नाही! तू वर जा, अप्पांना हलव, कुशीवर घे. फोन बंद करू नकोस. पळ!"

यंत्राच्या धडधडाटावर तिचा आवाज चढला तशी काकांनी मान वर केली. तिने एका हाताने फोन कानाशी घट्ट दाबला आणि दुसऱ्या हाताने त्याच मंद कागदाच्या पाठीवर घरचा पत्ता खरडला. "काका, रुग्णवाहिका. तुमच्या फोनवरून. इथे पाठवा. बोलत बसू नका, पाठवा." काका चांगला माणूस. एक प्रश्न न विचारता ते फोनकडे धावले. यंत्र बंद करायचं मात्र कुणाला सुचलं नाही. ते छापतच राहिलं. हिरवं, हिरवं, हिरवं, एकावर एक.

फोनमध्ये आईच्या चपलांचा आवाज येत होता. सुजलेले पाय, तीन मजले. मधेच ती थांबली, धापा टाकल्या, परत चढू लागली. थोरली देवाला मानणारी नव्हती, पण त्या घडीला तिने ज्याला त्याला हात जोडले. अप्पा आपले आपण वर आले होते एकदा, तिने स्वतःला सांगितलं. कुणी हाक मारली नव्हती तरी आले होते. आजही येतील. आज येऊ देत, मग मी हे सगळे कागद माझ्या हाताने फाडीन.

किल्ली. दार. काहीतरी लाकडी वस्तूवर ठेवल्याचा आवाज. आईने पाटी टेबलावर ठेवली असावी.

"अहो," आईने हाक मारली.

ही रोजची हाक होती. चहा झालाय, फोन आलाय, चष्मा सापडला, या सगळ्याला आई वापरायची ती. थोरली लहानपणापासून ती ऐकत आली होती आणि तिच्यामागून अप्पांचा हुंकार यायचा. ती हुंकाराची वाट पाहत राहिली.

"अहो. उठा बघू. अहो, ऐकलंत का?"

पलंग करकरला. आई त्यांना हलवत असावी, कुशीवर वळवत असावी. थोरली फोनमध्ये ओरडत होती, "खांदा धर, आई, जोरात हलव, पाठीवर थाप मार," पण आईचा फोन कुठेतरी बाजूला पडला होता, तिला ते ऐकू जात नव्हतं.

"अहो!"

ही हाक थोरलीने यापूर्वी कधीच ऐकली नव्हती. आई इतकी वर्षं ज्या शब्दाने एका माणसाला हाक मारत आली, त्या शब्दात एवढी जागा आहे हे तिला माहीत नव्हतं. त्यानंतर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. काका परत येऊन तिच्याजवळ उभे राहिले होते. गाडी निघालीय, असं काहीतरी ते सांगत होते.

मग फोन उचलल्याचा खरखराट झाला. आईचा आवाज आला, दमलेला पण शांत. थोरली लहानपणी पडली, लागलं, की आई ज्या आवाजात तिला जवळ घ्यायची, तसा.

"हे उठत नाहीयेत गं," आई म्हणाली. "हात गार लागतोय. पण तू घाबरू नकोस, बाळा. पाटी इथे माझ्यासमोरच आहे. अजून हिरवीच आहे."